शिवण बाहेरच्या अंगाला

कापड हातात आलं की बाई आधी ते मिटलेल्या पापणीला लावायच्या. चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळा मिटायचा आणि कापडाचा कोपरा पापणीवरून हळूच फिरवायचा. मग तेच कापड समोरच्याच्या हातात देऊन म्हणायच्या, "टोचत नाही ना, बघा." आपण काय बघणार? आपण आपले बोटांनी चाचपायचो आणि नाही म्हणायचो. त्यावर त्या नुसती मान हलवायच्या. बोटांवर त्यांचा विश्वास नव्हता. शिवणकाम करणाऱ्या बाईची बोटं मेलेली असतात, त्यांना गोणपाटसुद्धा मऊ लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी उल्हासनगरच्या एका सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. नोकरीची बहुतेक वर्षं तिथेच गेली. माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. वॉर्डात मला वचकून नव्हतं असं माणूस सापडणं कठीण, त्यात डॉक्टरही आले. या बाई मात्र मला कधी घाबरल्या नाहीत. सगळा वॉर्ड त्यांना झबलेवाल्या बाई म्हणायचा, मी नुसतं बाई म्हणायचे. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

बाई कॅम्प चारमध्ये एका जीन्सच्या गाळ्यात कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर बसायच्या. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, सगळीकडे तसंच. बाहेरगावच्या पाहुण्यांना याची फार गंमत वाटते. तर अशाच एका शुक्रवारी सकाळी बाई हातात कापडी पिशवी घेऊन वॉर्डाच्या दाराशी उभ्या राहिल्या. पिशवीत झबली होती. जीन्सच्या खिशाला आतून जे पांढरं अस्तर लावतात, त्याच्या उरलेल्या तुकड्यांची शिवलेली. सेठनं म्हणे मोठ्या मनानं सांगितलं होतं, "ले जा बाई, कतरन ही तो है."

मी म्हटलं, वाटा. गरज तर होतीच. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका बिगारी काम करणाऱ्या, सासर-माहेर दोन्ही कुठेतरी लांब. बाळ जन्मायचं आणि त्याला गुंडाळायला आईच्या ओढणीशिवाय काही नसायचं. पण बाईंची ती पिशवी तशीच्या तशी परत गेली. एका आजीनं झबलं उलटसुलट करून पाहिलं आणि कोरं आहे म्हणून बाजूला ठेवलं. दुसरीनं हात लावला नाही. तान्ह्या बाळाला बारशापर्यंत कोरा कपडा घालत नाहीत, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागतं का? पहिलं झबलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि तेही दुसऱ्याच्या घरचं हवं. एवढं साधं या बाईला ठाऊक नाही म्हणजे कमालच, असं मी मनात म्हटलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी एकेक झबलं घडी करून पिशवीत ठेवलं आणि मला विचारलं, "जुन्या कापडाचं शिवलं तर घेतील का हो?"

पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा आल्या. मधल्या आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांकडे जुनं सुती कापड मागितलं होतं. कोणाचं धोतर, कोणाची विटलेली साडी, शेजारच्या सिंधी आजीच्या मलमलीच्या ओढण्या. ते सगळं उकळून, उन्हात वाळवून त्याची झबली केली होती. कापड छान होतं, पण शिवण सगळी बाहेर आलेली. एक तरुण आई हसून म्हणाली, उलटं शिवलंय की. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "उलटं नाही. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवलीय. बघणाऱ्याला दिसली तर दिसू दे, बाळाला लागायला नको." बंदाची गाठही डाव्या कुशीला, कारण आया बाळाला उजव्या हातानं थोपटतात आणि गाठ दुसरीकडे असली तर हाताखाली येते, हे त्यांनी कुठेतरी बघून ठेवलेलं. मी इतकी वर्षं बाळं हाताळत होते, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

झबली आवडली. आणि तेवढ्यात एका आजीनं तो प्रश्न विचारला. "कोणाच्या घरातलं?" म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं असेल. ज्या घरातून झबलं येतं त्या घरातली मुलं धडधाकट हवीत. घर लेकुरवाळं हवं. बाईंनी हातातलं झबलं खाली ठेवलं. त्या मला व्हरांड्यात घेऊन आल्या आणि विचारलं, "सिस्टर, तुम्हाला मुलं किती?"

मी म्हटलं, दोन. एक मुलगी, एक मुलगा.

"दोन्ही आहेत ना?"

असा राग आला मला! हा काय प्रश्न झाला? मी फाडकन काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझं एकही राहिलं नाही. म्हणून विचारलं. झबली तुमच्या घरची म्हणून सांगाल का?"

मी आत गेले आणि त्या आजीला सांगितलं, माझ्या घरातली आहेत, घ्या मुकाट्यानं. माझ्या आवाजाला घाबरून सगळ्यांनी घेतली. पण सांगायला लावून बाईंचंच समाधान झालं नाही. खोटं सांगून बाळाच्या अंगावर काही घालायचं नाही, असं त्यांचं. त्यावर त्यांनीच तोड काढली. गुरुवारी संध्याकाळी गाळा सुटला की त्या रिक्षानं माझ्या घरी अंबरनाथला यायच्या, झबल्यांचं गाठोडं माझ्या हातात द्यायच्या. मी ती झबली माझ्या पोरांच्या कपड्यांबरोबर धुवायची, माझ्या दोरीवर वाळवायची आणि शुक्रवारी दवाखान्यात न्यायची. म्हणजे मग ती माझ्या घरातली झाली. आता यात खरं किती नि खोटं किती, ते देव जाणे. बाईंना चाललं, मलाही चाललं.

घरी आल्या तरी त्या उंबऱ्याशीच बसायच्या. आत या म्हटलं की पाय दुखतात म्हणायच्या. पाय दुखतात म्हणून कोणी उंबऱ्यावर बसतं का? चहा तिथेच प्यायच्या. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. दप्तराचा पट्टा तुटला, फ्रॉकचं काज उसवलं की ती थेट त्यांच्याकडे जायची. बाई ते तिथल्या तिथे शिवून द्यायच्या, पण पोरगी अंगाशी आली की हात आवरून घ्यायच्या. लेकराच्या डोक्यावरून साधा हात फिरवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. वॉर्डातही तसंच. झबली मी वाटायची आणि बाई दाराच्या चौकटीला टेकून बघत राहायच्या. बाळाला झबलं घातलं, बाहीतून मूठ बाहेर आली, की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मग त्या जायच्या. तेवढीच त्यांची कमाई.

एकदा मी त्यांना चिडवलं. म्हटलं, बाई, वर तुमच्यासाठी बाल्कनीवाला फ्लॅट बुक झाला असणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज दात घासता ना, सिस्टर? त्याचं पुण्य मिळतं का?"

त्यांचं होतंच तसं. रोज उठलं की चहाच्या आधी घरच्या मशीनवर एक झबलं. मग सेठचं काम, मग जग. अंगात ताप असला तरी एक, दिवाळी असली तरी एक. कापड नसेल त्या दिवशी स्वतःची साडी फाडायच्या. आमच्या वॉर्डात दान काही कमी येत नसे. कुठल्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला की केळी यायची, इतकी की बाळंतिणींच्या उशापायथ्याशी केळीच केळी, आणि हार घातलेली माणसं एकेक केळं धरून फोटो काढायची. दुसऱ्या दिवशी साली उचलायला आम्ही. मग सहा महिने कोणी नाही. मी यावर तोंडसुख घेत होते, तर बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, त्यांचं मन त्या दिवशी भरून येतं, त्यांचंही चूक नाही. पण मन भरून यायची वाट बघत बसलं तर माझंही वर्षातून दोनदाच भरून येईल. बाळं काय वर्षातून दोनदाच जन्मतात? म्हणून मी मनाला विचारतच नाही. हात धुतले की मशीनवर बसते.

असं कितीतरी वर्षं चाललं. आणि मग तो हिवाळ्यातला शुक्रवार आला. 

बदलापूरजवळच्या चामटोली गावाहून एक म्हातारी लेकीला घेऊन आली होती. काष्टा नेसलेली, हात शेतात राबून राठ झालेले. लेकीला मुलगा झाला होता. म्हातारीनं नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं, तिनं आनंदानं नातवाला झबलं घातलं. आणि मान वर केली तर दारात बाई. म्हातारी बघतच राहिली. मग म्हणाली, "ही हितं कशी?"

बाईंचं सासर चामटोलीचं, हे मला त्या दिवशी कळलं. मुलं राहिली नाहीत म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि यांना पाठवून दिलं, तेव्हापासून त्या उल्हासनगरात. म्हातारी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलत होती. हिचा एक पोर जगला नाय. हिच्या हातचं हाय का ह्ये? मी खोटं बोलायला तोंड उघडलंच होतं. पण माझ्या आधी बाई बोलल्या. "हो, माझ्या हातचं आहे."

म्हातारीनं बाळाच्या अंगावरचं झबलं ओढायला सुरुवात केली. गाठ सुटेना. बाळ रडायला लागलं. बाई दारातून हलल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "ओढू नका, त्याला लागेल. डावीकडची गाठ आहे, खालचं टोक ओढा. हां. आता आधी उजवा हात काढा. मान सांभाळा."

म्हातारी त्यांनी सांगितलं तसं करत गेली. झबलं निघालं. आईनं बाळाला पदरात घेतलं. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपल्या बाळाचं काढलं. मग तिच्या पलीकडचीनं.  माझ्या टेबलावर त्या इवल्या इवल्या झबल्यांचा ढीग झाला. मी आयुष्यात एवढी चवताळले नसेन. म्हातारीवर धावूनच गेले. तेव्हा ती रडत रडत मला म्हणाली, "शिस्टर, माजे लेकीचा पयला गेलाय. मना नका रागवू."  मला रागावायलाही जागा उरली नाही.

बाईंनी टेबलापाशी येऊन एकेक झबलं घडी केलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थंडी आहे, सिस्टर. त्या पोराला आधी दुसरं काहीतरी घाला." मी कपाटातून दुपटं काढून त्या बाळाला गुंडाळलं. मागे वळले तोवर त्या गेल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी त्या येणार नाहीत असं मी धरून चालले होते. आल्या. गाठोडं नेहमीएवढंच. मी म्हटलं, अहो, ती आता कोण घेणार? तर म्हणाल्या, वॉर्डातली माणसं आठवड्यात बदलतात, नव्या माणसांना काय ठाऊक? फक्त मी तिकडे येणार नाही. तुम्ही द्या. मी म्हटलं, मग तुम्ही बघणार कधी?  चहाचा कप विसळून उंबऱ्याशी उपडा ठेवला आणि रिक्षाला उशीर होईल म्हणाल्या.

बघणं सुटलं ते त्यांना फार लागलं. दर गुरुवारी त्या मागच्या शुक्रवारचं विचारायच्या. बसलं का नीट? गळ्याशी ढिलं नाही ना? मूठ बाहेर आली? सुरुवातीला मी आपलं हो हो म्हणायचे. त्यांना लगेच कळायचं. बाळांचे फोटो काढायला आम्हाला परवानगी नाही, नाहीतर मोबाईलवर दाखवले असते. मग मी लक्ष देऊन बघायला शिकले. एवढी वर्षं बाळ म्हणजे मला वजन, ताप, दूध ओढतंय की नाही. आता मी बघायला लागले की एकाला कानावर लव आहे, एक झोपेत ओठ चोखतं, एकानं बाहीत हात घालताच झबल्याचा बंद मुठीत पकडला आणि सोडेना. हे सगळं त्यांना सांगायचं म्हणून मनात धरून ठेवायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या. ऐकून झालं की म्हणायच्या, टोचत नाही ना त्यांना? मी म्हणायचे, नाही हो बाई, नाही टोचत.

माझ्या लेकीचं लग्न झालं. ती पुण्याला गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे अंबरनाथला आली. ती लहानपणापासून त्यांना उंबऱ्यावर बघत आलेली. एव्हाना सगळं तिच्या कानावर होतं. एका गुरुवारी ती पोट सावरत त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, मावशी, माझ्या बाळाला पहिलं झबलं तुमचं. तुमच्या घरातलं म्हणून द्यायचं, आईच्या नाही.

बाई उठूनच उभ्या राहिल्या. नको म्हणाल्या. लेक हट्टाला पेटली. बाकीच्यांना देता, मग मला का नाही? तुम्ही पण मानता का ते सगळं? बाई पुन्हा उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "मानत नाही गं. बाकी सगळ्यांना बिनधास्त दिलं. तुला द्यायचं म्हटलं की भीती वाटते."

ते ऐकून मी स्वयंपाकघरात निघून गेले. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

लेकीला मुलगा झाला. माझी पोरगी माझ्यावरच गेलेली. तिनं जाहीर केलं, मावशींनी झबलं आणेपर्यंत बाळ दुपट्यातच राहील. विहीणबाई पुण्याहून चांदीच्या वाळ्यांबरोबर घरातलं जुनं झबलं घेऊन आल्या होत्या, त्या फुरंगटून बसल्या. दोन्ही घरचे फोन वाजायला लागले. शेवटी मी कॅम्प चारला गेले आणि बाईंना म्हटलं, बाई, तुमच्यापायी माझा नातू उघडा आहे, आता तुम्हीच बघा काय ते.

त्या आल्या. चाळीच्या जिन्यावर दोनदा बसल्या, तेव्हाच त्यांना दम लागतो हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण त्या घाईत नाही आलं. उंबऱ्यापाशी थांबल्या. पदराखालून झबलं काढलं. पिवळसर मलमल, त्या सिंधी आजीची शेवटची ओढणी. चष्मा वर केला, पापणीला लावलं. मग लेकीच्या हातात दिलं. लेक म्हणाली, मावशी, तुम्हीच घाला. बाईंनी मानेनं नाही म्हटलं आणि तिथूनच सांगायला लागल्या. "आधी उजवा हात घाल. ओढू नको. आता मान सांभाळ. गाठ डावीकडे."

तेच शब्द होते ते. त्या वेळी काढायला सांगितले होते, आता घालायला.  झबलं बसलं. नातवाची मूठ बाहीतून बाहेर आली. बाई दाराला टेकून किती वेळ बघत उभ्या होत्या, आणि त्या हिवाळ्यातल्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच मला त्यांना काही वर्णन करून सांगावं लागलं नाही.

आणि मग झालं काय, तर दोन दिवसांनी बाळ पिवळं दिसायला लागलं. तान्ह्या बाळांची कावीळ हो, निम्म्याअधिक बाळांना होते, निळ्या दिव्याखाली ठेवलं की उतरते. मी आयुष्यभर हेच बघत आले होते. आम्ही पोराला दाखल केलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं आणि आमच्यात कोणी घाबरलंही नव्हतं. पण बाईंना कुठून तरी कळलं. दुपारी दवाखान्याच्या फाटकाशी त्या उभ्या. गाळा सोडून आल्या होत्या, अंगावर निळ्या जीन्सचे धागे तसेच. मला बघून हात जोडले. "ते झबलं काढा हो त्याचं. मला परत द्या. जाळून टाकते."

मी समजावलं. नर्स म्हणून समजावलं, मैत्रीण म्हणून समजावलं, मग ओरडले. काही कानात शिरत नव्हतं. त्या फाटकाबाहेर बाकावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही. बाळाला घरी सोडलं तेव्हा लेक मुद्दाम बाळाला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. अंगावर तेच झबलं. म्हणाली, बघा, छान गोरं झालं की नाही? बाई हसल्या, पण ते हसणं तोंडापुरतंच होतं. एवढी वर्षं ज्या भीतीशी त्या न बोलता झगडत होत्या, ती त्या बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसली होती.

त्यानंतर त्या खचल्या. दम वाढला. मी ओढून तपासण्यांना नेलं, औषधं सुरू केली, पण फुप्फुसं फार दिवसांपासून कुरकुरत होती आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. गाळ्यावर जाणं बंद झालं. सकाळचं झबलं मात्र बंद झालं नाही. पायानं मशीन चालवता येईना तेव्हा हातानं टाके घालायच्या. मग एका झबल्याला दोन सकाळी लागायला लागल्या, मग तीन. गुरुवारी आता मी त्यांच्याकडे जायचे. एकदा गाठोड्यात एकच झबलं होतं आणि त्याचा एक बंद लावायचा राहिला होता. त्यांना त्याची इतकी लाज वाटली की मला रागवावं लागलं.

शेवटच्या आठवड्यात लेक बाळाला घेऊन आली. बाईंनी खुणेनं तिला दारातच थांबवलं. माझी पोरगी कसली ऐकते, ती सरळ आत येऊन खाटेच्या कडेला बसली. बाळानं तेच पिवळसर झबलं घातलं होतं, आता आखूड झालेलं, पोट उघडं पडलेलं. बाईंनी बाळाला हात लावला नाही. झबल्याचा खालचा काठ तेवढा दोन बोटांत धरला, चाचपला, आणि मग मान पुढे करून पापणीला लावला.  म्हणाल्या, "त्याला टोचत नाही ना?"

लेक निघून गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. एवढ्याशा काविळीनं मी मेल्यासारखी झाले, म्हणाल्या, आणि ते तर माझं लेकरूही नव्हतं. त्या सगळ्या आयांचं काय होईल, सिस्टर? कोणाचं पोर आता शाळेत असेल, कोणाचं कॉलेजात. त्यांना कळलं की ते कोणाच्या हातचं झबलं घालून वाढलंय, तर पुढच्या प्रत्येक तापाला त्यांना मी आठवेन. माझ्या माघारी माझं नाव कोणापुढे काढू नका. चांगलं म्हणूनही नको. मी शब्द दिला. दुसरं काय करणार होते?

एका दुपारी त्या गेल्या. गल्लीतली चार माणसं, सेठ आणि मी. सेठ डोळे पुसत होता. "बहुत अच्छा काम था उसका," म्हणाला. मला वाटलं, ओरडून सांगावं याला काय काम होतं ते. नाही सांगितलं. परत येताना शाळा सुटली होती, रस्ताभर पोरं. मी रिक्षात बसून एकेका पोराकडे बघत होते आणि रडत होते. त्यातलं कोण त्यांचं झबलं घालून मोठं झालं होतं, ते त्या पोरांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. असं माणूस जातं आणि त्याच्यामागे रडायला एवढीशी माणसं असतात, हे मला अजून सहन होत नाही.

मी आता निवृत्त झाले. सकाळी हात धुतले की चहाच्या आधी एक झबलं शिवते. मन कधी लागतं, कधी लागत नाही. मी विचारत नाही त्याला. माझी शिवण वाकडी येते, बाई असत्या तर उसवून ठेवली असती. शुक्रवारी गाठोडं घेऊन वॉर्डात जाते. कोणी ना कोणी आजी विचारतेच, कोणाच्या घरातलं? मी म्हणते, माझ्या.

नाव न घेता लिहिते आहे, म्हणजे शब्द मोडला नाही, असं मी धरते. एवढंच सांगायचं राहिलं. तुम्ही आमच्या या भागातले असाल, तर घरातल्या ट्रंकेत तळाशी तुमच्या मुलांचे तान्हेपणीचे कपडे असतील. कधी ट्रंक उघडलीत, आणि एखादं मऊ पडलेलं झबलं हाताला लागलं, शिवण बाहेरच्या अंगाला, गाठ डावीकडे, तर कोणाच्या घरातलं ते विचारत बसू नका. तुमचं पोर धडधाकट आहे ना? मग चष्मा वर करा, डोळा मिटा आणि एकदा पापणीला लावून बघा.